आधी एक तारा दिला होता, आता तीन: २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क

दीड महिन्यापूर्वी याच हार्ड डिस्कला मी एक तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, "गोगलगाय बरी. साडेपाच हजार पाण्यात." तो रिव्ह्यू आज मागे घेतेय. सगळा नाही, पण दोन तारे वाढवतेय. डिस्कमध्ये खोट आहेच, त्याबद्दल पुढे लिहिते. पण ज्या खोटीसाठी मी तिला शिव्या घातल्या ती तिची नव्हती. ती माझ्या टेबलाखालच्या सीपीयूची होती, आणि गेली दहा वर्षं माझ्या समोर निळीशार दिसत होती.

मी साताऱ्यात घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करते. कोरेगाव, वाई, फलटणकडचे फोटोग्राफर डेटा आणून टाकतात, मी सिलेक्शन लावते, करिझ्माची पानं बसवते, १२ बाय ३६ च्या शीट तयार करून छपाईला पाठवते. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दिवाणखान्यात हार्ड डिस्कांची रांग लागते. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेनने नवरा-नवरीची आडनावं. हल्ली दोन-दोन कॅमेरे असतात आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातला कच्चा मूळ फोटो, एकेक २५-३० एमबीची. हळदीपासून पाठवणीपर्यंत एका लग्नाचा डेटा शंभर जीबीला सहज टेकतो.

ही डिस्क मी माझ्यासाठी घेतली, झालेली कामं साठवायला. पहिल्याच दिवशी एका फोटोग्राफरने यातच ११२ जीबी टाकून दिले. मी ती सीपीयूच्या पुढच्या निळ्या पोर्टला लावली, कॉपी मारली, आणि विंडोज म्हणालं, ५३ मिनिटं. मला वाटलं, सुरुवातीला असंच दाखवतं, मग कमी होतं. नाही झालं. कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' दाबलं की हिरवा ग्राफ दिसतो ना, तो सेकंदाला ३६ एमबीवर जो गेला तो तिथेच. वर नाही, खाली नाही. फूटपट्टी ठेवून रेघ मारावी तसा सपाट.

हा सपाटपणा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, म्हणून दीड महिना घालवला.

डिस्क स्वतः हळू असेल तर ग्राफ सहसा असा चालत नाही. फिरणारी तबकडी आहे ती, बाहेरच्या कडेला वेग जास्त, आतल्या कडेला कमी. मोठी फाइल आली की चढते, बारीक फाइलींचा घोळका आला की कोसळते. ग्राफ आमच्या घाटातल्या रस्त्यासारखा दिसायला हवा. तो इस्त्री केल्यासारखा सपाट असेल तर डिस्कला आणखी पळायचंय आणि वाटेत कोणीतरी बॅरिकेड लावून ठेवलंय, असं समजायला हरकत नाही. आणि ३५ ते ४० हा आकडा तर ओळखीचा आहे. पोर्टच्या दोन पिढ्या समजा: जुनी, हळू यूएसबी २.० आणि नवी, वेगवान ३.०, जिचं तोंड सहसा निळं. यूएसबी २.० कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, भागिले आठ म्हणजे ६० एमबी, पण वरखर्च जाऊन हातात पडतात ते साधारण एवढेच. यूएसबी २.० सन २००० सालचं. म्हणजे माझी नवी कोरी डिस्क पंचवीस वर्षांपूर्वीच्या रस्त्यावरून चालली होती.

हे ज्ञान आत्ताचं. तेव्हा मी जे केलं ते असं. आधी अँटिव्हायरस बंद केला. मग डिस्क एक्सफॅटमधून एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइली मांडायच्या या दोन पद्धती) फॉरमॅट केली. मग विंडोज अपडेट मारलं, त्यात एक रात्र गेली. कस्टमर केअरने तीन वेळा 'सिस्टिम रिस्टार्ट करून बघा' सांगितलं, तेही इमानदारीत केलं. शेवटी बदली डिस्क मागितली. आठ दिवसांनी दुसरी आली. तीही ३६. दोन वेगळ्या डिस्का बरोब्बर एकाच आकड्यावर अडतात म्हटल्यावर शाळकरी पोरालासुद्धा शंका आली असती. मी काय निष्कर्ष काढला? "सगळा लॉटच भिकार." आणि एक तारा.

शंका दुसऱ्यालाच आली. कोरेगावच्या फोटोग्राफरचा असिस्टंट, विशीतला मुलगा, डेटा द्यायला आला होता. माझी कुरकुर ऐकून म्हणाला, "ताई, जरा द्या बरं ती इकडं." स्वतःच्या लॅपटॉपला लावली. तीच डिस्क, तीच केबल. सेकंदाला १२०. त्याने डिस्क परत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "डिस्क ठणठणीत हाय. तुमचा सीपीयू बघा."

"अरे, बघितलाय," मी म्हणाले. "पुढचा पोर्ट निळा आहे, म्हणजे ३.०. आणि मागचा निळासुद्धा लावून पाहिला."

"मागं हात जातोय का तुमचा?"

जात नव्हता. सीपीयू टेबलाखाली भिंतीला चिकटून. मागच्या निळ्या पोर्टला मी कधीतरी तीन मीटरची एक्स्टेंशन केबल कायमची खोचून ठेवलेली, तिचं टोक वर टेबलावर. मागचा पोर्ट 'तपासला' तो असा. त्याने ते टोक हातात घेतलं, मोबाइलचा टॉर्च मारला आणि मला आत बघायला लावलं. चार सोनेरी पट्ट्या. मग डिस्कसोबत आलेल्या केबलची पिन दाखवली. तिच्यात पुढे तशाच चार, आणि आत खोलवर आणखी पाच बारीक. ३.० चा सगळा वेग त्या मागच्या पाचांतून जातो. माझ्या एक्स्टेंशनमध्ये त्या नव्हत्याच. मागचा पोर्ट खरा होता, पण मधे ही बाई बसली होती.

टेबल सरकवलं, दहा वर्षांची धूळ खाल्ली, डिस्क थेट मागे लावली. ११८. तेच ११२ जीबी सोळा मिनिटांत. चहा निम्मा व्हायच्या आत फोल्डर समोर.

मागचं कोडं सुटलं. पण पुढच्या पोर्टला तर डिस्क थेटच लावत होते, तिथे काय झालं होतं? त्याने कॅबिनेटची बाजूची पत्री काढली. पुढच्या पॅनलमधून एक जाड काळी वायर निघते, तिच्या टोकाला रुंद निळा जॅक असतो, एकोणीस पिनांचा. तो मदरबोर्डावर यूएसबी ३.० च्या जागेवर बसायला हवा. आमच्याकडे तो बसला होता आगपेटीच्या निम्म्या आकाराच्या एका काळ्या ठोकळ्यावर, आणि तो ठोकळा बसला होता बोर्डावरच्या नऊ पिनांवर. नऊ पिना म्हणजे यूएसबी २.०. पुढून निळं तोंड, मागून जुनी गाडी.

मशीन २०१५ साली गावातल्याच एका दुकानातून असेंबल करून घेतलेलं. दुकानदाराला फोन लावला. नाव लिहीत नाही, माणूस अजून दुकान चालवतो. त्याला कन्व्हर्टर आठवत होता, बरं का. म्हणाला, "मॅडम, तुमचा बोर्ड एच८१. त्याला ३.० चे पोर्ट दोनच, ते दोन्ही मागं दिलेले. पुढं द्यायला जागाच नव्हती, म्हणून कन्व्हर्टर टाकला. चालतंय ना पण?"

गंमत अशी की तो खोटं बोलत नव्हता. एच८१ चिपसेटला ३.० चे पोर्ट दोनच मिळतात हे मी नंतर तपासलं. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच केलं असतं, नाहीतर पुढचे पोर्ट मेलेलेच राहिले असते. माझा राग कन्व्हर्टरवर नाही. बिल देताना 'पुढचे निळे आहेत पण २.० च चालतील' एवढं एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं? दहा लग्नसराया मी पुढच्या पोर्टला डिस्का लावून बसले आणि प्रत्येक फोटोग्राफरला ऐकवलं की तुमची डिस्क हळू आहे. वाईच्या एकाने तर माझ्या बोलण्यावरून नवीन घेतली. त्याला अजून हे सांगितलेलं नाही.

तुमचा पोर्ट रंगाने खरा आहे की गुणाने, हे पत्री न काढताही कळतं. यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात तुमच्या डिस्कवर क्लिक केलं की ती कोणत्या वेगाने जोडली गेलीय ते लिहून येतं. फक्त मी केली ती चूक करू नका. मी हे सॉफ्टवेअर या पोराच्या आधीच टाकलं होतं. तिथे 'हाय-स्पीड' असं वाचलं आणि समाधानाने बंद केलं! यूएसबीच्या भाषेत हाय-स्पीड म्हणजे २.० चा ४८० मेगाबिट. 'फुल-स्पीड' म्हणजे त्याहून मागचा, १२ मेगाबिटचा. तुम्हाला वाचायला मिळायला हवं 'सुपर-स्पीड'. ही नावं कोणी ठेवली असतील त्याला एकदा एसटीत बसवायला हवं, साधी, निमआराम, शिवनेरी, माणसाला फरक तरी कळतो.

आणखी एक वेंधळेपणा, जो माझ्या हातून पुढेही दोनदा झाला. पिन बिचकत बिचकत हळू खोचली तर बाहेरच्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि कॉम्प्युटर कधीकधी डिस्कला २.० समजून मोकळा होतो. खऱ्या ३.० पोर्टवरही मग तोच ३६. काढून एका दमात लावायची. तसंच डिस्कच्या बाजूचा जो रुंद, दोन भागांचा सॉकेट आहे, त्याच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी केबल बसते. डिस्क चालूही होते. २.० च्या वेगाने. मूळची केबल हरवली म्हणून चार्जरची लावणारे दोन फोटोग्राफर माझ्या ओळखीत आहेत.

आता डिस्कबद्दल, कारण रिव्ह्यू तिचा आहे.

खोक्यावर ५ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट, छापलंय. तो आकडा पोर्टचा, डिस्कचा नव्हे. रस्ता सहापदरी आहे म्हणून एसटी विमान होत नाही. आतली तबकडी वाचताना माझ्याकडे १२०-१२५ देते, डिस्क भरत आली की नव्वदच्या खाली येते. अडीच इंची फिरणाऱ्या डिस्ककडून एवढंच मिळतं, त्याची तक्रार नाही. क्रिस्टल डिस्क मार्क या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरमध्येही मोठ्या फाइलीचे आकडे जवळपास हेच आले. बारीक फाइलींचं मात्र विचारू नका. अल्बमच्या सॉफ्टवेअरचा थंबनेलचा फोल्डर, पस्तीस-चाळीस हजार चिमुकल्या जेपीजी, तो टाकताना ग्राफ ५ ते ९ एमबीमध्ये लोळत असतो. तबकडीवर सुई इकडून तिकडे पळवावी लागते, त्याला इलाज नाही. असा फोल्डर आता मी झिप करून एकच फाइल टाकते.

खरी तक्रार पुढची, आणि ती पोर्ट सुधारल्यावरच उघडी पडली. आधी ३६ च्या खाली सगळंच झाकलं जात होतं. डिस्क नवी असताना लिहिण्याचा वेगही ११० च्या आसपास होता. ती एकदा भरत आली, मी जुनी लग्नं पुसली, आणि नवीन ९० जीबी एका दमात टाकायला घेतले. पहिले काही जीबी झकास. मग ग्राफ धाडकन १५ वर. मग शून्य. मग ६०. मग परत शून्य, आणि डिस्क आतल्या आत कुरकुर करत बसली. हा ग्राफ सपाट नव्हता, म्हणजे या वेळी दोषी तीच.

मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात शोधलं. बारीक अक्षरांत तीन अक्षरं: एसएमआर. शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग, म्हणजे कौलारू डिस्क म्हणा. कौलं जशी एकाच्या कडेवर दुसरं चढवून बसवतात तसे यात डेटाचे पट्टे एकावर एक थोडे चढवलेले असतात. तेवढ्याच जागेत जास्त मावतं, डिस्क स्वस्त पडते. पण कौलारू घरात राहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी ओळ उचलावी लागते. पुसलेल्या जागी नवीन लिहिताना डिस्क नेमकं हेच करते. थोडा डेटा असेल तर तो आधी वेगळ्या जागेत झेलून ठेवते आणि मागाहून निवांत लावते, म्हणून दहा-वीस जीबीला काही जाणवत नाही. एका दमात लग्न ओतलं की झेलायची जागा भरते आणि बाईसाहेब बसकण मारतात.

यात फसवणूक नाही, तंत्रच तसं आहे. साठवून ठेवायला उत्तम. पण खोक्यावर हे लिहायला काय जातं? २०२० साली मोठमोठ्या कंपन्यांनी न सांगता अशा डिस्का विकल्याचं बाहेर आलं, जगभर ओरड झाली. तरी आमच्या खोक्यावर 'स्लिम', 'स्टायलिश' आणि पाच भाषांत वॉरंटी. एक तारा याचा कापला.

दुसरा तारा केबलचा. वीतभर लांब. टेबलावरच्या लॅपटॉपला ठीक, पण खाली ठेवलेल्या सीपीयूच्या मागे लावली तर डिस्क हवेत लोंबते. फिरणारी तबकडी लोंबकळत ठेवायची नसते, मग मी खाली कंदी पेढ्यांचा रिकामा बॉक्स ठेवते. साडेपाच हजार घेता, एक मीटर केबल देता येत नाही?

बाकी चांगलं आहे. तापत नाही. एरवी आवाज नाही. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये तब्येत 'गुड', खराब सेक्टरचे आकडे शून्य. घेतल्या घेतल्या ते एकदा बघून घ्या, तिथे पिवळं दिसलं तर पोर्ट-बिर्ट शोधत बसू नका, आधी डेटा काढा. विंडोजमध्ये डिस्कच्या पॉलिसीत 'बेटर परफॉर्मन्स' लावलं तर लिहिणं थोडं सुधारतं, पण डेटा काही वेळ कॉम्प्युटरच्या मेमरीतच थांबतो आणि लाईट गेली तर जातो. २०१८ पासून विंडोज १० आपणहून सुरक्षित 'क्विक रिमूव्हल' ठेवतं. मी लावून पाहिलं आणि परत बदललं. आमच्याकडे दुपारी लाईट जाते, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालीय, आणि दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो आहेत ते. ती सप्तपदी परत होणार नाही.

घ्यावी का? झालेलं काम ठेवायला, गिऱ्हाईकाला डेटा द्यायला, घरचे फोटो जपायला, घ्या. हिच्यावरच फाइल उघडून काम करायचं असेल तर घेऊ नका, थोडे पैसे साठवून एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, बघा.

माझ्या सीपीयूचं म्हणाल तर त्या पोराने पुण्यात तपकीर गल्लीतून मदरबोर्डावर खोचायचं एक पीसीआय एक्सप्रेस कार्ड आणून दिलं, हजाराच्या आतलं, ज्याच्या अंगावरच एकोणीस पिनांची जागा आहे. कन्व्हर्टर काढला, पुढचा निळा जॅक कार्डावर बसवला. पुढच्या पोर्टला आता ११८ येतात. मजुरी घ्यायला तयार नव्हता, पाव किलो पेढे दिले.

आणि त्याच संध्याकाळी माऊस अडखळायला लागला. बाण इथे ठेवला की तिथे उडी. मुखड्यावरचा डाग काढताना नवरीचं नाक पुसलं गेलं. नवीन कार्डाला दोष देणार होते, पण या वेळी जीभ आवरली. डिस्क काढली की माऊस नीट, लावली की अडखळतो. वायरलेस माऊसचा रिसीव्हर मी डिस्कच्या शेजारच्याच पोर्टला लावला होता. ३.० चा डेटा पळताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो आणि वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे कागदावर मांडलंय, रिसीव्हर लांब न्या असा उपायही त्यात आहे.

लांब न्यायला घरात काय होतं, तर ती तीन मीटरची एक्स्टेंशन. कचऱ्यात टाकायला काढून ठेवली होती. आता ती मागच्या काळ्या पोर्टला आहे, टोकाला माऊसचा रिसीव्हर, की-बोर्डच्या मागे चिकटपट्टीने चिकटवलेला. माऊसला चार पट्ट्या पुरतात.